नवा कॅमेरा आणि पक्षी उद्यान: तुमचे अनुभव लिहा

सोनचाफा
काल माळा आवरताना जुनं मेमरी कार्ड सापडलं. लॅपटॉपला लावलं तर २०११ चे जुराँग बर्ड पार्कचे फोटो! तेव्हा आम्ही सिंगापूरला होतो. आप्पा रत्नागिरीहून पहिल्यांदाच आले होते आणि मी त्याच आठवड्यात डीएसएलआर घेतला होता. एसी बसमधून उतरून कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफच वाफ. पुसलं की परत धरायची. आप्पा म्हणाले, "अगो थांब जरा, माझ्या चष्म्याचंही तेच झालंय." बसलो बाकावर वीस मिनिटं.
धनेशाच्या (हॉर्नबिलच्या) पिंजऱ्यापाशी मात्र आप्पा हलेचनात. "हा आपला गरुड! देवराईतल्या बेहड्यावर येतो तो." आमच्याकडे धनेशाला गरुडच म्हणतात. मी फोकस पक्ष्यावर करायला जायची, कॅमेरा जाळी पकडायचा. सोळा फोटो, सगळ्यांत जाळी लख्ख आणि धनेश पुसट. त्यातल्या एकात कडेला आप्पांचा हात आलाय, बोट वर केलेला.
आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. ते पार्कही ३ जानेवारी २०२३ ला बंद झालं. १९७१ मध्ये ३ जानेवारीलाच सुरू झालं होतं.
तुमचेही असे पहिले फोटो असतील. लिहा ना.

भटकी_वाट
हात आलेला फोटो मोठा करून लावा ताई. बाकी काही लिहवत नाहीये आत्ता.

मुनिया
जुराँगचं लोरी लॉफ्ट, रंगीत पोपटांचं दालन!! माझ्या लेकीच्या डोक्यावर दोन आणि हातातल्या मधाच्या वाटीवर तीन लोरी बसले होते. ती आनंदाने किंचाळतेय आणि माझ्या फोटोत नुसते लाल-हिरवे फराटे. शटर स्पीड नावाची गोष्ट असते हे घरी आल्यावर कळलं. लेक आता बारावीला आहे, अभ्यासाचं काही विचारू नका.

कॅमेरावेडा
जाळीचं सांगतो. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, झूम पूर्ण, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) जितकं उघडेल तितकं उघडं. पक्षी जाळीपासून लांब बसला असेल तेव्हाच क्लिक. जाळी विरघळते. जाळीवर ऊन पडलं असेल तर चकाकते, मग सावलीतली बाजू शोधायची. फोकस मधल्या एकाच बिंदूवर. फ्लॅश अजिबात नको, जाळी उजळते आणि पक्षी बिथरतात.
वाफेसाठी: कॅमेरा बॅगेत बंदच ठेवून बाहेर यायचं, बॅगेतच गरम होऊ द्यायचा.

मुनिया
हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! कॅमेरा कुठला घेऊ आता? बजेट ५० हजारांपर्यंत.

कॅमेरावेडा
बॉडी जुनी चालेल, पैसे लेन्सवर घाला. निदान ३०० मिमीची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ठाणेकर_आजी
मी मोबाइलवरच काढते. राणीच्या बागेत ते मोठं पक्ष्यांचं दालन झालंय ना, आपण आत चालत जायचं आणि पक्षी मोकळे. नातवाला घेऊन गेले होते. जाळीची भानगडच नाही. करकोचा इतका जवळून गेला की नातू माझ्या पदराआड. तो फोटो सुनेने काढला, माझ्याकडे पाठवतच नाही अजून. कुकर झाला, येते.

पाणकोंबडी
जुराँगमधले बरेच पक्षी सिंगापूरच्याच मंडाई भागातल्या बर्ड पॅराडाइजमध्ये नेलेत, मे २०२३ पासून सुरू आहे. मी गेल्या वर्षी गेले. छान आहे, पण जुन्याची सर नाही. जुराँगचा ३० मीटरचा धबधबा आठवतो. पाण्याचे तुषार लेन्सवर, तरी हलावंसं वाटायचं नाही.

उजनीकाठ
पार्क वगैरे नाही, उजनी धरणाकाठचं भिगवण. पहिला कॅमेरा, पहाटेची होडी, समोर रोहित (फ्लेमिंगो). सगळे पांढरेफटक आले, पिसांचा एक तपशील नाही. नावाडीदादा म्हणाले, "साहेब, उजेड कमी करा, आणि होडीत उभं राहू नका." एक्स्पोजर उणे एक केलं आणि पंखातला गुलाबी दिसला. आजही पांढरा पक्षी दिसला की आधी त्यांचा आवाज येतो कानात.

मुनिया
अवांतर: आमच्या गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय, तीन अंडी. फोटो काढू का?

उजनीकाठ
लांबूनच, पडद्याआडून. जवळ गेलात तर सोडून जाईल. साधारण बारा-चौदा दिवसांत पिल्लं निघतील. कुंडीला पाणी जपून घाला.

सोनचाफा
भटकी_वाट, आजच प्रिंट काढायला दिला. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, कडेचा हात कापून टाकू का?" नको म्हटलं, हवं तर पक्षी काप.

मुनिया
😢 ताई. (दोन पिल्लं निघाली हो!)