गोल्डबर्ग व्हेरिएशन्स: चाल नव्हे, खर्ज धरावा

जर्मन संगीतकार बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ऐकताना आरंभीच्या आरियाची, म्हणजे मूळ धुनेची, चाल पुढे हरवते, अशी तक्रार केली जाते; ती रास्त आहे. मात्र १७४१ साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेतील तीसही व्हेरिएशन्स, म्हणजे मूळ धुनेची बदलती रूपे, बाखने चालीवर नव्हे, तर खालच्या खर्जाच्या स्वरांवर आणि त्यांवर उभ्या राहणाऱ्या स्वरसंगतींवर बांधली आहेत. त्यामुळे जी मेजर (जी हा ‘सा’ मानणारी पाश्चात्त्य स्वरपट्टी) मधील खर्जाचे पहिले आठ स्वर, म्हणजे आपल्या भाषेत सा नी ध प ग म प सा, आधी गळ्यात बसवावेत. याच आठ स्वरांवर बाखने आपल्या छापील प्रतीत आणखी चौदा कॅनन (एकाने सुरू केलेली चाल दुसरा मागोमाग उचलतो अशा रचना) लिहून ठेवले होते, जे थेट १९७०च्या दशकात उजेडात आले!

वादनातली अडचण निराळी आहे. आठवे व्हेरिएशन दोन कीबोर्डांच्या हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य) असल्याने एकाच कीबोर्डाच्या पियानोवर हात एकमेकांत अडकतात. कोणता हात वरून न्यायचा, हे ठरवून नोटेशनवर पेन्सिलीने लिहावे.