रोजचं काम आणि गेमिंग दोन्हीसाठी एकच लॅपटॉप, दोन मॉडेल्समध्ये ग्राफिक्स कार्ड तेच, मग फरक कशात?

निशाचर:
नमस्कार मंडळी, जुना लॅपटॉप सहा वर्षं वापरला, आता आठदहा टॅब उघडले तरी धापा टाकतो, त्यामुळे नवीन घेणं भागच आहे. दिवसभर कोडिंग (डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं टूल, कायम चालू असतो), महिन्यातून एखाददोन व्हिडिओ एडिट, आणि रात्री दीड-दोन तास गेम. सायबरपंक आणि एल्डन रिंग इतकी वर्षं दुसऱ्यांना खेळताना बघत आलोय, या वेळी मला स्वतःला खेळायचेत. रोज बॅगेतून न्यायचाय म्हणून डेस्कटॉप नको.
दोन मॉडेल्सवर येऊन अडकलोय. दोन्हीत आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, दोन्हीत १६ जीबी रॅम. एक पातळ आहे, दीड किलोच्या आसपास, स्क्रीन २५६० बाय १६००. दुसरा जाडजूड, अडीच किलो, स्क्रीन साधी १९२० बाय १०८०. कार्ड तेच असेल तर जड का वागवायचा? मला तरी पातळच बरा वाटतोय, कुणी वापरला असेल तर सांगा प्लीज.

पेचकस:
थांब, घाई करू नकोस. कार्डाचं नाव तेच असलं तरी जोर तेवढाच असेल असं नाही. लॅपटॉपमधल्या ४०६० ला एनव्हिडियाने ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही पॉवर द्यायची मुभा ठेवलीय, आणि वरून डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे गरज पडली तर मिळणारे, आणखी काही वॉट. म्हणजे एकाच नावाखाली एक कार्ड निम्म्या ताकदीवर चालतं आणि दुसरं पूर्ण. ही टीजीपी (कार्डाला मिळणारी जास्तीत जास्त पॉवर) स्पेसिफिकेशनमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात असते, कधी कधी नसतेच.
नाही सापडली तर एक सोपी गोष्ट कर, चार्जर हातात घेऊन त्याच्यावरचं लेबल वाच. आउटपुटच्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर असतात, त्यांचा गुणाकार कर. २० व्होल्ट आणि ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॉट. २० आणि ५ असेल तर १०० वॉट, आणि त्यातच प्रोसेसर, स्क्रीन, कार्ड सगळ्यांनी भागवायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!
माझा आधीचा लॅपटॉप असाच पातळ होता. गेम चालू केला की पहिली पाच-सात मिनिटं मस्त, मग प्रोसेसर ९५ डिग्रीच्या वर जायचा आणि फ्रेम्स एकदम खाली. डब्ल्यू बटणावर बोट ठेववत नव्हतं इतका पत्रा तापायचा. सर्व्हिसला दिला तर "नॉर्मल आहे" म्हणून तसाच परत दिला.

तिसरी_खिडकी:
पेचकस दादांशी सहमत, पण स्क्रीन आणि रॅमकडेही बघ. २५६० बाय १६०० म्हणजे जवळपास ४१ लाख पिक्सेल, १०८० मध्ये २१ लाखही नाहीत, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दुप्पट काम. पातळ मॉडेलमध्ये कार्ड अशक्त आणि वर ओझं दुप्पट. डीएलएसएसने (कमी पिक्सेलवर चित्र काढून ते एआयने मोठं करायची सोय) सांभाळून घेता येतं, पण मुळात दम कमी असेल तर तेही किती पुरणार.
हर्ट्झच्या आकड्याला (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो) मात्र भुलू नकोस. एल्डन रिंग पीसीवर ६० फ्रेम्सलाच लॉक आहे, १६५ हर्ट्झची स्क्रीन असली तरी तिथे ६० च. त्यापेक्षा रंग बघ, १०० टक्के एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचं ठरलेलं माप) आहे का ते. स्वस्त पॅनलवर "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं, त्यावर सगळं धुतल्यासारखं फिकं दिसतं आणि तू तर व्हिडिओ एडिट करतोस.
रॅम १६ जीबीची एकच स्टिक आहे की ८-८ च्या दोन, हे विचारून घे, एकाच स्टिकवर काही गेममध्ये चांगलाच फटका बसतो. आणि ती मदरबोर्डला सोल्डर केलेली (म्हणजे नंतर बदलता न येणारी) नाही ना हे तर आधी बघ!! डॉकर, ब्राउझर आणि नंतर गेम, तुला वर्षभरात ३२ लागणार हे मी आत्ताच सांगते.

पाठीवर_बिऱ्हाड:
मी थोडं उलट बोलतो. अडीच किलोचा लॅपटॉप मी दोन वर्षं रोज नेलाय आणि तो अडीच किलो नसतो हो, चार्जर धरून तो सव्वातीन होतो. आणि चार्जर घरी ठेवून जाता येत नाही, कारण बॅटरी कामातसुद्धा तीन तासांत संपते, बॅटरीवर गेम तर विसराच, कार्डाला पॉवरच मिळत नाही. सहा महिन्यांनी माझी पाठ बोलायला लागली आणि मग तो टेबलावरच राहिला. तुझं बसून काम जिथे असतं तिथे टाईप-सीवर चालेल का ते बघ, बऱ्याच जाड मॉडेल्समध्येही ६५ किंवा १०० वॉटचा छोटा टाईप-सी चार्जर चालतो, गेमिंगला नाही पण कोडिंगला पुरतो. मग मोठी वीट घरी आणि छोटा बॅगेत. माझ्यात ही सोय नव्हती, असती तर आजही तोच वापरत असतो.

निशाचर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन दोन्ही चार्जर प्रत्यक्ष बघितले. पातळवाल्यावर २० व्होल्ट ५ अँपिअर, जाड्यावर २० व्होल्ट ११.५!! टीजीपी पण मिळाली, पातळमध्ये ६० आणि जाड्यात ११५. एकाच कार्डात एवढा फरक असतो हे खरंच माहीत नव्हतं. जाड्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत, टाईप-सी चार्जिंगही आहे, स्क्रीन १०० टक्के एसआरजीबी. आता एकच शंका, त्याच मॉडेलचं ४०७० वालं व्हर्जन पण आहे, थोडं ताणून ते घेऊ का?

पेचकस:
नको. लॅपटॉपच्या ४०७० मध्येही व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ८ जीबीच आहे, डेस्कटॉपच्या ४०७० सारखी १२ नाही. नवीन गेम आधी तिथेच अडतात, त्यामुळे वरचे पैसे ३२ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडीत घाल, हल्ली एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो.
आणि घेतल्यावर दोन गोष्टी. प्लगला लावून वापरशील तेव्हा बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग चालू कर. आणि वर्षातून एकदा मागचं झाकण उघडून फॅन साफ कर. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीची अख्खी लादी जमली होती, चिमट्याने धरून सलग एका तुकड्यात निघाली, त्याच दिवशी टेंपरेचर आठ-नऊ डिग्रीने उतरलं. ब्रश मारताना फॅन बोटाने धरून ठेव, फिरू देऊ नकोस.

तिसरी_खिडकी:
आणि घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सलग दोन तास सायबरपंक चालवून बघ, काही गडबड असेल तर परत करायची मुदत असतानाच कळेल. टेंपरेचर किती गेलं ते इथे टाक नक्की.