मदत हवी आहे : फितुराला क्षमा करण्याचा प्रसंग खेळात कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात राहतो. दिवसा एका कारखान्याचे हिशेब लिहितो आणि रात्री ट्वाइन या मोफत साधनात मराठी संवादकथेचा एक खेळ रचतो. त्यात चित्रे जवळजवळ नाहीत. वाचायचे, पर्याय निवडायचा आणि पुढे जायचे, एवढेच. खेळ बहुतेक लिहून झाला आहे, पण शेवटच्या प्रसंगापाशी मी दोन महिने अडकून पडलो आहे.

कथा बेळगावजवळच्या कित्तूर संस्थानाच्या युद्धाची आहे. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या सैन्याने ईस्ट इंडिया कंपनीची फौज परतवून लावली आणि धारवाडचा अधिकारी थॅकरे त्या लढाईत मारला गेला. डिसेंबरात कंपनी मोठ्या तयारीनिशी पुन्हा चालून आली आणि किल्ला पडला. किल्ल्यातल्या तोफांच्या दारूत आपल्याच माणसांनी शेण कालवले होते, असे आमच्या भागात आजही सांगतात. माझा नायक त्या किल्ल्यावरचा एक काल्पनिक गोलंदाज आहे. तो बत्ती देतो, तोफ नुसती फुसफुसते, गोळा तटाच्या पायथ्याशीच घरंगळतो, आणि पुढच्या क्षणी त्याच्या शेजारी उभा असलेला थोरला भाऊ पडतो. पुढे कित्तूरच्या राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारल्या, त्यांच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाचे बंड पेटले, आणि त्या बंडात सामील झालेल्या नायकाला खानापूरच्या रानात, नंदगडजवळच्या एका वाडीत, दारूत शेण कालवणारा, किल्ल्याच्या दारूखान्याचा जुना कारकून अचानक सापडतो. म्हातारा ओसरीवर बसून कणगीला शेणाचा हात फिरवतो आहे. नायक दारात उभा आहे, त्याला म्हाताऱ्याची बोटे दिसतात, आणि पडद्यावर दोन पर्याय येतात : ‘मार’ आणि ‘क्षमा कर’.

पाच ओळखीच्यांना हा खेळ खेळायला दिला. पहिल्या मसुद्यात कारकुनाने फितुरी का केली हे मी सांगितलेच नव्हते, तेव्हा पाचही जणांनी त्याला मारले, एकाने तर संवाद न वाचताच. दुसऱ्या मसुद्यात त्याचा मुलगा कंपनीच्या छावणीत ओलीस होता असे कारण जोडले, तर चौघांनी सोडून दिले. आधी मला बरे वाटले; मग लक्षात आले की त्या चौघांनी क्षमा केलीच नव्हती, त्यांना दया आली होती, आणि तीही मी आणवली म्हणून आली होती. नायकाच्या मनात काय चालले आहे, याच्याशी दोन्ही वेळच्या निवडीचा काही संबंध नव्हता.

तुलनेसाठी ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा २०२० चा खेळ पुन्हा खेळलो. (ज्यांनी तो पूर्ण केलेला नाही त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) १२७४ मधल्या मंगोल स्वारीत नायक जिनचा बालमित्र र्‍युझो आपली माणसे उपाशी मरू नयेत म्हणून शत्रूला जाऊन मिळतो. पुढे तो परत येऊ पाहतो, पण जिन त्याला मारतो, आणि तिथे खेळणाऱ्याच्या हाती काहीच ठेवलेले नाही. निवड मिळते ती अगदी शेवटी, काकाच्या बाबतीत, ज्याने फितुरी केलेली नसते आणि ज्याला पुतण्याला मारण्याची आज्ञा झालेली असते. त्याच खेळात म्हातारा तिरंदाजीचा गुरू इशिकावा आपल्या शिष्येचा, तोमोएचा, माग काढत हिंडतो, कारण तिने मंगोलांना धनुर्विद्या शिकवलेली असते. शेवटी तो तिला जाऊ देतो. मला तो धागा मुख्य कथेपेक्षा खरा वाटला, कारण तिला घडवण्यात आपलाही हात होता हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. माझ्या गोलंदाजाजवळ असे काहीच नाही. त्याचे नुकसान शंभर टक्के दुसऱ्याने केलेले आहे.

गेल्या रविवारी हा प्रसंग मावशीला वाचून दाखवला. तिने आयुष्यात एकही खेळ खेळलेला नाही. ती तांदूळ निवडत ऐकत होती आणि मान वर न करता म्हणाली, “भाऊ ह्याचा गेला, खरं नवरा कुणाचा गेला? तिला इचारलास काय?” नायकाची भावजय माझ्या खेळात पहिल्या प्रकरणानंतर कुठे आलेलीच नव्हती. तेव्हापासून मला वाटू लागले आहे की नायक स्वतःपुरता राग सोडू शकेल, पण भावाच्या मरणाची क्षमा त्याने परस्पर देऊन टाकणे हा त्याचा अधिकारच नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. नायकाने कारकुनाला भावजयीसमोर उभे करावे आणि निर्णय तिचा असावा, असे लिहिले तर शेवटच्या क्षणी आपल्या हातातला खेळ काढून घेतला असे खेळणाऱ्याला वाटेल का? की तिला काय सांगायचे आणि काय लपवायचे, विशेषतः त्या मुलाची गोष्ट तिच्या कानावर घालायची की नाही, एवढीच निवड खेळणाऱ्याकडे ठेवावी? माझा कल दुसरीकडे आहे, पण तो प्रसंग लिहायला बसलो की भावजय मावशीसारखीच बोलू लागते.

दुसरी अडचण किमतीची आहे. २०१५ च्या ‘अंडरटेल’ या खेळात कुणालाच मारले नाही तर अनुभवाचे गुण मिळत नाहीत आणि पात्र शेवटपर्यंत पहिल्याच पायरीवर, दुबळे राहते. तिथे दयेची किंमत दर लढाईत मोजावी लागते. माझ्याकडे गुण नाहीत, नुसते शब्द आहेत. कारकुनाला सोडल्यास बंडातले सोबती नायकाला पंगतीला घेत नाहीत, असे एक टिपण करून ठेवले आहे. एका मित्राने सुचवले की कारकुनाकडून इतर फितुरांची नावे मिळावीत, म्हणजे सोडण्याचा फायदाही होईल. पण मग तो हिशेब झाला, आणि हिशेब मी दिवसभर करतोच. सोबत्यांच्या वागणुकीखेरीज आणखी काही सुचते का? शिवाय ट्वाइनच्या ज्या प्रकारात मी लिहितो त्यात मागे जाण्याचा बाण आपोआप येतो, त्यामुळे म्हाताऱ्याला मारून, पाहून, परत जिवंत करता येते. फक्त या प्रसंगात तो बाण काढून टाकणे तुम्हाला अन्यायाचे वाटेल का?

शेवटचा प्रश्न एका शब्दाचा आहे. ‘क्षमा कर’ पोथीतले वाटते, आणि ‘माफ कर’ म्हटले की आमच्याकडे दारातल्या भिकाऱ्याला पुढे जायला सांगितल्यासारखे होते. माझा कन्नड मित्र अशा वेळी ‘बिट्टबिडु’ म्हणतो, म्हणजे सोडून दे. मराठीतही ‘सोडून दे’ म्हटले तर माणसाला सोडायचे की राग सोडायचा हे उघड होत नाही, आणि तेच मला हवे आहे. पण पाचांपैकी दोघांना त्याचा अर्थ ‘विषय सोडून दे’ असा वाटला. सध्या पडद्यावर ‘मार’च्या खाली रिकामी ओळ आहे. तिथे तुम्ही काय लिहिले असते?