व्हिडिओ एसेमध्ये मी कधी गप्प बसायचं?

प्रश्न: सिनेमावर व्हिडिओ एसे (क्लिप दाखवत बोलून केलेलं विश्लेषण) करतोय, स्क्रिप्ट झालीये पण एडिटमध्ये माझी बडबड थांबतच नाही आणि मागे क्लिप नुसत्या पळत राहतात, काय करू?

रिप्लाय: आधी व्हॉइसओव्हर करून वर क्लिप चिकटवतोयस ना, तिथेच घोळ आहे. टाइमलाइनवर आधी सीन टाक, पात्राची नजर वळते आणि कट येतो तिथे गप्प बस, सीनचा आवाज ऐकू दे.

रिप्लाय: +१, पण लांब क्लिप यूट्यूबचं कंटेंट आयडी (कॉपीराइट असलेला मजकूर आपोआप ओळखणारी सिस्टीम) पकडतं. 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग' या सिनेमावरच्या यूट्यूब चॅनेलवाल्यांनी २०१७ मध्ये लिहिलेलं की त्यांची स्टाइलच बरीचशी हे चुकवण्यातून घडली!

रिप्लाय: आणि डिस्क्रिप्शनमध्ये नुसतं 'फेअर यूज' (परवानगीशिवाय मर्यादित वापराची कायदेशीर सूट) लिहून कॉपीराइट क्लेम टळत नाही बरं का.