घरात एकाला फ्लू झाला की बाकीच्यांना कसं वाचवता? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात आमच्याकडे एकामागोमाग एक चौघंही आडवे झालो. आयसोलेशन म्हणायला सोपंय, पण दोन खोल्या नि एकच बाथरूम असेल तर करायचं कसं? पुस्तकी सल्ले नकोत, तुमचं काय जमलं, काय फसलं ते लिहा. माझं फसलेलं आधी सांगते. ताप चढल्यावर मी वेगळी झोपायला लागले, पण फ्लू लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच पसरतो म्हणे, आणि आदल्याच रात्री लेक माझ्या कुशीत झोपली होती. झालं!

——

आमची तर एकच खोली. दोघांनीही मास्क लावले, नुसता पेशंटने लावून भागत नाही. समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर उघड्या, टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून, म्हणजे आतली हवा बाहेर जाते. बाथरूमला मी सगळ्यात शेवटी जायचो आणि नंतर एक्झॉस्ट चालू ठेवायचो. बायकोला काही झालं नाही, नशीब म्हणा हवं तर.

——

माझा गाढवपणा ऐका. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी असं दोन दिवस चाललं होतं, तिसऱ्या दिवशी मुलाने स्ट्रिप उलटी करून वाचली तर दोन्हीत पॅरासिटामॉल! मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या, त्यापुढे लिव्हरचं काही खरं नाही, आणि मी त्या रेषेच्या अगदी जवळ पोचलो होतो. तेव्हापासून उशाशी वही, गोळी घेतली की वेळ लिहायची. तापात डोकं चालत नाही हो.

——

वाफेचं भांडं लहान मुलांसमोर ठेवू नका. पुतण्याचा पाय भाजलाय, एवढंच सांगते.

——

बाबांचं वय ७८. चौथ्या दिवशी ताप उतरला, आम्ही सुटलो म्हणालो, सहाव्या दिवशी पुन्हा चढला आणि सोबत धाप. ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता, आधी वाटलं हात गार आहेत म्हणून असेल, हात चोळून गरम करून परत लावला तरी तेच. लगेच ॲडमिट केलं, न्यूमोनिया निघाला. बरं वाटून परत ताप आला तर थांबू नका. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर फ्लूचं औषध हवंय का हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. आम्ही चौथ्या दिवशी विचारलं. अजून बोच आहे.

——

बाहेर कधी पडायचं यावर आमच्याकडे दरवेळी भांडण. माझा नियम, गोळी न घेता २४ तास ताप नाही आणि एकूण बरं वाटतंय, तरच. त्यानंतरही काही दिवस मास्क. खोकला मात्र तीनेक आठवडे रेंगाळतो, तो संपायची वाट बघत बसलात तर नोकरी जाईल.

——

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण घरातली बाईच आजारी पडली तर? मी दार लावून घेतलं, कुणी आत यायचं नाही म्हणून बजावलं, आणि तासाभरात बाहेरून नवऱ्याचा फोन, थर्मामीटर कुठे ठेवलाय? म्हटलं माझ्या तोंडात.