तळाशी उरलेल्या काळ्या रेतीला काय म्हणावे?

अनुजा: झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी नदीची रेती लाकडी थाळ्यात धुऊन सोन्याचे कण काढतात, त्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. हलकी रेती वाहून गेली की तळाशी काळा थर उरतो. मी ‘काळी रेती’ लिहिलं, संपादकांनी ‘गुरुखनिज अवसाद’ केलं. आणि या धुण्याला क्रियापद कोणतं?

माजघर: क्रियापद घरातच आहे, ‘रोळणे’! तांदळात पाणी घालून भांडं गोल हलवत तांदूळ दुसऱ्या भांड्यात ओघळू द्यायचे, खडे मागे राहतात. नेमकी हीच क्रिया.

जुनीपेठ: रोळणे तांदळाचं. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणारे ते झारेकरी. शब्द त्या धंद्यातून घ्या. माझ्या मते तो ‘झरणे’वरूनच आला.

माजघर: झारेकरी माणूस झाला हो, क्रियापद कुठंय?

खडकवाचक: ‘अवसाद’ तर मुळीच नको, नदीचा सगळाच गाळ अवसाद. इथे मुद्दा जडपणाचा आहे. वाहून जाणारी हलकी रेती बहुतेक क्वार्ट्‌झची, काळे दाणे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे. क्वार्ट्‌झची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) 2.65, इल्मेनाइटची साधारण 4.7, मॅग्नेटाइटची 5.2, सोन्याची 19.3. म्हणून शेवटचे तिन्ही तळाला एकत्र सापडतात. थर वाळवून त्यावरून कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवा. मॅग्नेटाइट उडी मारून चिकटतो, इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. उरलेल्यात लालसर दाणे बहुधा गार्नेटचे, बिनरंगी चकाकणारे झिर्कॉनचे, हीही जड खनिजंच. एवढं सगळं ‘काळी’ या एका शब्दात कोंबू नका. ‘जड खनिजांची वाळू’ म्हणा.

पुळणकर: का कोंबू नये? रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला आम्ही काळा समुद्रच म्हणतो, आणि तिथल्या वाळूचा काळेपणा इल्मेनाइटचाच. लोकांनी डोळ्यांनी पाहून ठेवलेलं नाव आहे ते.

शुद्धमती: मग इल्मेनाइट, झिर्कॉन ही परकी नावं तरी कशाला? झिर्कॉनला आपला ‘गोमेद’ आहे की!

खडकवाचक: नाही हो ताई. सराफाकडे गोमेद म्हणून मिळतो तो हेसोनाइट, म्हणजे गार्नेटचा प्रकार. झिर्कॉन हा झिर्कोनियमचा सिलिकेट. एकाच थाळ्यात दोन्ही असताना गोमेद लिहिलंत, तर वाचक कोणता दाणा उचलणार?

शुद्धमती: सराफांनी नाव चुकीच्या खड्याला दिलं म्हणून भाषेनं शब्द सोडायचा?

जुनीपेठ: सराफ चुकले कशावरून? गोमेद म्हणजे गोमूत्राच्या रंगाचा खडा, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगतात. बिनरंगी दाण्याला तो शब्द लागूच कसा होईल?

अनुजा: गोमेद माझ्या लेखात कुठेच नाहीये. ‘रोळणे’ घेतेय. काळी रेती की जड वाळू, तेवढं सांगा.

शुद्धमती: झिर्कॉन तपकिरीही असतो, जुनीपेठ.