ड्रमच्या तळाला सकाळी सुया जमल्या, हा बर्फ की खत?

बागायतदार निफाड:
नमस्कार मंडळी. थॉमसन द्राक्षाची बाग आहे, मण्यांत पाणी उतरायला लागलंय. काल दुपारी ड्रममध्ये १०० लिटर पाणी घेऊन तेरा-शून्य-पंचेचाळीस खताची (पोटॅशियम नायट्रेट) २५ किलोची गोणी विरघळवली. उन्हात ढवळत बसलो तेव्हा कुठे पाणी नितळ झालं. रात्री लाईट आली नाही, म्हणून ठिबकला सोडायचं राहिलं. सकाळी झाकण काढलं तर तळाला आणि कडेला बोटभर लांब पांढऱ्या सुया! ड्रममध्ये थर्मामीटर बुडवला, ५ अंश.

मुलगा बारावी सायन्सला आहे. तो म्हणतो, पाण्यात क्षार असला की ते शून्याच्याही खाली गोठतं. मग हे ५ अंशाला कसं गोठलं? आणि दुकानदार सांगतो की पोटॅशची, म्हणजे याच खताची, फवारणी घ्या, थंडीत पान गोठत नाही. मुलाच्या बोलण्याशी ते जुळतंय, म्हणून विचारतो. घेऊ का?

केमिस्ट्रीवाले सर, नाशिकरोड:
दादा, मुलगा बरोबर बोलतोय आणि तुमचं पाणीही गोठलेलं नाही. त्या सुया खताच्या आहेत. खात्री करायची तर एक सुई तळहातावर धरा. बर्फ असेल तर पाणी होऊन जाईल, पोटॅशियम नायट्रेट असेल तर तशीच राहील. शिवाय बर्फ वर तरंगतो, तुमचे खडे तळाला आहेत.

थंडीत द्रावणात दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात: एक तर पाणी गोठून बाहेर पडतं, नाहीतर क्षार बाहेर पडतो. आधी कोण, हे द्रावण किती दाट आहे त्यावर ठरतं. पोटॅशियम नायट्रेटचं वैशिष्ट्य असं की थंडीत त्याची विद्राव्यता फार झपाट्याने घसरते. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशाला सुमारे ३१ ग्रॅम मावतं, १० अंशाला २१, शून्याला जेमतेम १३. ५ अंशाला साधारण १७ धरा. म्हणजे तुमच्या १०० लिटरमध्ये १७ किलो राहिलं आणि ८ किलोच्या आसपास खाली बसलं. साध्या मिठाचं असं होत नाही, ते २० अंशाला ३६ ग्रॅम मावतं आणि शून्यालाही जवळपास तेवढंच.

गोणी ओतल्यावर ड्रम बाहेरून गार लागला असेल बघा. हे खत विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. म्हणून तर विरघळायला तुम्हाला ऊन लागलं.

आता फवारणी. इथे मला कळकळीने सांगायचंय, कारण दरवर्षी कुणीतरी या नादाने पैसे घालवतं. गोठणबिंदू किती उतरतो याचा हिशोब आहे. द्रावणात क्षार जितका जास्त तितका उतार जास्त, हे चार्ल्स ब्लॅग्डन यांनी १७८८ मध्येच दाखवून दिलं होतं. एक किलो पाण्यात एक मोल (कण मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) कण असले तर उतार १.८६ अंश. फवारणीला तुम्ही लिटरला ५ ग्रॅम घेता. या खताचा एक मोल १०१ ग्रॅमचा, म्हणून ५ भागिले १०१, म्हणजे ०.०५ मोल. विरघळल्यावर त्याचे दोन आयन (विद्युतभारित कण) होतात, म्हणून दुप्पट. गुणाकार करा: ०.१८ अंश. पाव अंशही नाही! दोन अंश उतरवायचे तर लिटरला ५५ ग्रॅमच्या वर घ्यावं लागेल, आणि त्याने पानं करपतील. पोटॅश बागेला लागतं तेव्हा जरूर द्या, पण पांघरूण म्हणून नको.

मण्याचं म्हणाल तर २० ब्रिक्सचा (शेकडा सुमारे २० साखरेचा) रस स्वतःच्या साखरेमुळे साधारण उणे अडीच अंशाला गोठायला लागतो. कोवळ्या पानात एवढी साखर नसते, म्हणून पान आधी जातं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा २-३ अंश असला तरी दव गोठलेलं दिसतं, कारण निरभ्र रात्री पान हवेपेक्षाही गार होतं. पहाटे ठिबक चालू ठेवा. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असतं.

वायनरी लॅब, दिंडोरी:
सरांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी आमच्या टाकीत एकत्र बघायला मिळतात. द्राक्षात टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम असतं, त्यांचा क्षार वाईनमध्ये थोडाच मावतो. बाटली फ्रिजमध्ये गेली की तळाला खडे येतात आणि गिऱ्हाईक काच समजून घाबरतं. म्हणून आम्ही वाईन आधीच टाकीत उणे ४ अंशापर्यंत गार करतो. १२ टक्के अल्कोहोल असल्यामुळे ती तेवढ्यावर गोठत नाही, हाच गोठणबिंदूचा उतार. क्षार मात्र बाहेर पडतो. लवकर पडावा म्हणून त्याचीच बारीक पूड टाकतो, मग त्या कणांभोवती खडे वाढत जातात. टाकी रिकामी केली की भिंतीला खरखरीत थर असतो, तो खरवडून काढावा लागतो.

तुमच्या ड्रमच्या कडेला सुया जास्त आहेत त्याचंही कारण हेच असावं. जुन्या खताचे कण चिकटलेले असले की तिथूनच सुरुवात होते.

बागायतदार निफाड:
सुई हातावर धरली, विरघळली नाही. फवारणी रद्द. हे खडे फेकायचे का? आणि मागे एकदा ड्रममध्ये दुधासारखा गाळ आला होता, कॅल्शियम नायट्रेट आणि झिरो-झिरो-पन्नास (पोटॅशियम सल्फेट) एकत्र टाकलं होतं तेव्हा. तो पण थंडीनेच का?

केमिस्ट्रीवाले सर, नाशिकरोड:
फेकू नका, ते चांगलं खत आहे. ५० लिटर पाणी वाढवा आणि दुपारी ढवळा. मग ५ अंशालाही सगळं मावेल. सुया असताना व्हेंच्युरी (ठिबकमध्ये खत ओढून घेणारं उपकरण) चालू करू नका, फिल्टर चोंदेल. वरचं नितळ पाणीही सोडू नका, त्यात खत कमी आहे आणि मात्रा चुकेल.

दुधासारखा गाळ थंडीचा नाही. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम तयार होतं. ते पाणी तापवूनही विरघळत नाही आणि ड्रिपरमध्ये बसलं की निघता निघत नाही. कॅल्शियम नायट्रेटचा ड्रम कायम वेगळा ठेवा. शून्य-बावन्न-चौतीस या फॉस्फेटच्या खतासोबतही ते मिसळू नका, तिथे फॉस्फेटचा गाळ होतो.